मागचा हात

मी पंख बोलतोय. पाखराचा नव्हे, विमानाचाही नव्हे. माणसानं दोन्ही हातांनी धरायचा, कडेच्या जाड नळीत पंपानं हवा भरून फुगवायचा, असा केशरी कापडाचा पंख आहे मी. मी एकटा काही कामाचा नाही. माझ्या जोडीला एक रुंद फळी असते. फळीच्या पोटाखाली कमरेला येईल एवढा दांडा असतो, आणि दांड्याच्या टोकाला लहानशा विमानासारखं दिसणारं धारदार पातं. वारा मला ओढतो, मी माणसाला ओढतो, फळीला वेग येतो, आणि मग पाण्याखालचं ते पातं फळीला माणसासकट पाण्याच्या वर उचलून धरतं. या खेळाला विंगफॉईल म्हणतात.

धाराशिव जिल्ह्यात या खेळाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. जिथं प्यायच्या पाण्याला टँकर येतो तिथं पाण्यावर कुठं उडायचं, असं लोक हसून म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. पण वाऱ्याचं म्हणाल तर इथल्या माळावर त्याची वानवा नाही. उगाच का एवढ्या पवनचक्क्या उभ्या आहेत!

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. शिवणयंत्रांची एकसारखी धडधड आणि माझ्या कडेवरून फिरणारा एका बाईचा अंगठा, एवढंच ध्यानात आहे. तिनं माझी कड दोनदा शिवली होती, म्हणून मी पुढं पुष्कळ सोसू शकलो.

तिथून मी कोकणच्या किनाऱ्यावर आलो. पाण्यावरचे खेळ शिकवणाऱ्या एका केंद्रात तीन वर्षं राबलो. सुट्टीला आलेली माणसं मला हातात धरून आधी फोटो काढायची, मग शिकायचं बघायची. बरीचशी फोटोवरच थांबायची. खाऱ्या पाण्यानं आणि उन्हानं माझा रंग विटला तसं मला मागच्या खोलीत टाकलं. येरमाळ्याचा रिजवान तिथं शिकवायच्या कामाला होता. तो गाव गाठायला निघाला तेव्हा मालकानं मला, फळीला आणि पात्याला त्याच्या हवाली केलं. अडगळ गेली म्हणून मालक खूश, आणि वस्तू मिळाली म्हणून रिजवान खूश.

रिजवान परतला तो वडिलांसाठी. वडिलांचं, म्हणजे गफारचाचांचं, हमरस्त्याला पंक्चरचं दुकान. त्यांच्या उजव्या हातातली ताकद गेली, टायर उचलेना. मग रिजवान दुकानात बसला आणि मी दुकानातल्या खिळ्यावर. टायर-ट्यूबच्या वासात मी अख्खं वर्ष लोंबकळत काढलं. उंदरांनी माझ्या पिशवीचा बंद कुरतडला. येणारा-जाणारा विचारायचा, “ताडपत्री इकायची हाय का?” रिजवान नुसती मान हलवायचा.

पुढच्या आषाढात माळावर वारं सुटलं. दुकानाची पत्र्याची पाटी दिवसभर वाजत राहिली. रिजवानला राहवेना. माळापलीकडं एक साठवण तलाव आहे. गेल्या सालच्या पावसानं तो सांडव्यापर्यंत भरला होता, म्हणून उन्हाळा सरूनही त्यात पाणी होतं. त्यानं मला खिळ्यावरून काढलं आणि मोटारसायकलला बांधलं.

तरी त्यानं मला लगेच पाण्यात नेलं नाही. आधी आठ दिवस तो मासे धरणाऱ्यांच्या तराफ्यावर बसून तलाव फिरला. जाळी कुठं लावतात, बुडालेल्या बाभळी कुठं आहेत, जुन्या विहिरीचा कठडा कुठं आहे, सगळं बघून घेतलं. जिथं जिथं खोड होतं तिथं खूण म्हणून पांढरे रिकामे कॅन बांधले. वारा काठावरून आत वाहत असला की तो पाण्याकडं फिरकायचा नाही, कारण तसला वारा माणसाला आत नेतो, परत आणत नाही. हेल्मेट आणि लाईफ जॅकेटशिवाय तर तो पायही भिजवायचा नाही. गावातली पोरं हसायची. माझं नाव त्यांनी वटवाघूळ ठेवलं होतं. मला राग यायचा, पण वाऱ्यावर पडलो की मी नीट ताठ व्हायचो आणि राग विसरायचो.

एका रविवारी दीपाली आली. माळाखालच्या गावची, सव्वीस वर्षांची. पवनचक्क्यांच्या कंपनीत नोकरीला होती. त्या उंच मनोऱ्यात चढून दुरुस्ती करणं हे तिचं रोजचं काम. वरूनच तिनं मला तलावावर पाहिलं होतं. कामावरचं हेल्मेट तिनं बरोबरच आणलं होतं.

“रिजवानभाई, मला शिकवता का?”

“पोहता येतंय का, ताई?”

“विहिरीत शिकलेय.”

“बघाय लई लोक येतेत. शिकाय तुम्हीच पहिल्या. कशापायी शिकायचंय?”

“वारं धरायचंय मला.”

असं म्हणणारी माणसं मी किनाऱ्यावर पुष्कळ पाहिली होती. ती हसत म्हणायची. ही हसली नव्हती.

पहिला दिवस काठावरच असतो. पाण्याआधी जमिनीवर माझ्याशी ओळख करून घ्यावी लागते. रिजवाननं मला हवा भरली, माझी लांब दोरी दीपालीच्या कमरेला अडकवली आणि वाऱ्याकडं पाठ करून तिला उभं केलं. मग माझ्या पोटाखालच्या दोन मुठी तिच्या हातात दिल्या.

“पुढच्या हातानं पंख धरायचा,” तो म्हणाला. “मागच्या हातानं वारं घ्यायचं. मागचा हात अंगाकडं ओढला की जोर येतो. सोडला की जोर जातो. भ्या वाटलं, वारं वाढलं, काय बी झालं, तर मागचा हात सोडायचा. पंख मागं पडून नुसता फडफडतो. कमरेला दोरी हाय, तो कुठं जात न्हाय. बाकी काय न्हाय आलं तरी चालतंय, हे आलंच पाहिजे.”

दीपालीनं मान हलवली. वारा माझ्यात भरला, मी ताठ झालो, तिनं मागचा हात ओढला. मी चांगलीच ओढ घेतली.

“सोडा!” रिजवान म्हणाला.

तिनं सोडलं नाही. दोन पावलं पुढं फरपटली.

“मागचा हात सोडा, ताई!”

ती गुडघ्यांवर पडली. मुरमाड काठावरून चार हात घासत गेली, तरी तिच्या मुठी माझ्याभोवती तशाच होत्या. शेवटी रिजवाननं पळत येऊन माझी कड धरली आणि मला जमिनीवर दाबलं.

त्याला हसू आलं. “आपल्याकडल्या माणसाची हीच खोड हाय. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री धरून धरून हाताला सवय लागलीय. जीव गेला तरी कोपरा सुटत न्हाय.”

तो सहज बोलून गेला. दीपालीचे हात माझ्या मुठींवर होते म्हणून ते गार पडलेले मला कळले.

“आमच्या बाबाचा गेलाय जीव,” ती म्हणाली.

रिजवानचं हसू तिथंच विरलं. ती काठावर बसली आणि गुडघ्याची माती झटकत तिनं सांगितलं. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. परतीच्या पावसाचं वादळ अचानक आलं. रानात कापून रचलेली सोयाबीनची गंज उघडी होती. तिचे वडील गोरोबा, आई सिताबाई आणि ती, असे तिघं ताडपत्रीचे कोपरे धरून धावले. चौथ्या कोपऱ्यावर धोंडा ठेवला होता. गोरोबा गंजीवर चढले होते. कोपरा निसटू नये म्हणून त्यांनी दोरीचा मनगटाभोवती वेढा घातला होता. इकडं सगळेच तसं करतात.

“माझ्यानं धरवलं न्हाय,” दीपाली म्हणाली. “मी माझा कोपरा सोडला. ताडपत्री फुगली आन बाबाला घेऊन गेली. बांधावरच्या दगडावर डोकं आपटलं. चौथ्या दिवशी दवाखान्यातच जीव गेला.”

रिजवान तिच्या कमरेची दोरी सोडायला लागला.

“म्हणून मला एकदा वारं शेवटपर्यंत धरून बघायचंय. न सोडता.”

“मग ह्यो खेळ तुमच्यासाठी न्हाय, ताई.”

“शिकेन मी. सांगाल तसं करीन.”

आणि ती खरंच शिकली. पुढच्या दोन रविवारी तिनं काठावरच सराव केला. रिजवान ‘सोडा’ म्हणाला की ती सोडायची. पण सांगितल्यावर सोडणं वेगळं आणि हातानं आपणहून उघडणं वेगळं. तिची बोटं एकेक करून, नाराजीनं उघडायची. हे रिजवानला दिसत नव्हतं. मला कळत होतं, पण मी कुणाला सांगणार?

मग पाणी. आधी फळीवर गुडघे टेकून बसायचं आणि मला डोक्यावर धरून नुसतं वाहत जायचं. मग एक पाय पुढं, एक मागं, हळूच उभं राहायचं. पडायला लागलं तर पात्यापासून दूर, आडवं, सपाट पडायचं. डोळे समोरच्या काठावर ठेवायचे, पायांकडं बघायचं नाही. दीपाली दिवसातून चाळीस-चाळीस वेळा पडायची आणि तितक्या वेळा फळीवर चढायची. पोरगी चिवट होती. घरी मात्र तिनं काही सांगितलं नव्हतं. रविवारी जादा ड्युटी असते, असं सिताबाईला सांगून यायची.

पाचव्या रविवारी फळी उचलली गेली. आधी पाण्याची चळचळ होती, फळीखालची थापट होती, आणि एकदम सगळं गप्प झालं. फळी पाण्यावर वीतभर उंच, खाली नुसतं पातं चाललंय. अशा वेळी शिकणारी माणसं ओरडतात. दीपाली ओरडली नाही. दोन श्वास घेईपर्यंत ती वर राहिली आणि मग धपकन पडली. पाण्यातून डोकं वर काढून ती रिजवानकडं बघत राहिली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. विटल्या रंगाच्या पंखाकडून अजून असं काही होतं याचा मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

सहावा रविवार श्रावणातला. पश्चिमेकडून काळं आभाळ सरकत आलं. रिजवाननं काठावरून हात हलवून तिला परत बोलावलं. ती वळली. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. पाणी काळवंडत आमच्याकडं धावत येताना मला दिसलं.

“मागचा हात सोडा! दीपालीताई, सोडा!”

तिनं ऐकलं होतं. तिच्या मागच्या हाताची बोटं एकदा हलली, मग उलट आवळली. तिनं डोळे मिटले. मी तिला सोडून जायला तयार होतो, नव्हे, मी त्यासाठीच केलेला आहे. पण मूठ उघडेना. वाऱ्यानं मला उचललं, मी तिला उचललं, आणि फळी तिच्या पायांखालून उलटी झाली. पात्याची धार तिच्या पोटरीतून गेली. पडताना मुठी निसटल्या, मी दोरीभर पुढं जाऊन एका बुडालेल्या बाभळीच्या वर आलेल्या फांदीवर आपटलो आणि माझं कापड हातभर फाटलं.

पाण्यात तांबडं पसरलं. रिजवाननं पोहत जाऊन तिला काठावर आणलं. पोटरीला नऊ टाके पडले.

त्यानं मला पुसलंही नाही. तसंच ओलं गुंडाळून दुकानात नेलं आणि परत खिळ्याला अडकवलं. “बास झालं,” एवढंच तो गफारचाचांना म्हणाला. माझा दोष नव्हता, पण ज्याच्या हातून रक्त निघालं त्याला दोष कसा नाही म्हणू? मी फाटक्या अंगानं भिंतीला टेकून राहिलो.

पंधरा दिवसांनी सिताबाई दुकानात आली. मागोमाग लंगडत दीपाली. टाक्यांमुळं घरी सगळं उघडं पडलं होतं, आणि तरी दीपाली परत तलावावर जायचं म्हणत होती. सिताबाई उभ्या उभ्याच बोलली.

“रिजवान, ती माझं ऐकंना. तूच तिला न्हाय म्हण, बाबा.”

“म्हणलोय, मावशी. मीच बंद केलंय. त्यांना धरता येतंय, सोडता येत न्हाय. ज्याला सोडता येत न्हाय त्याला मी पाण्यात न्हेत न्हाय.”

“एकदा सोडलं होतं की,” दीपाली म्हणाली. “काय झालं माहीत हाय ना तुला, आई? मी सोडलं आन बाबा गेला.”

सिताबाईनं इकडं तिकडं बघितलं आणि रचून ठेवलेल्या टायरांवर बसली. बराच वेळ पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळत राहिली.

“आदी म्या सोडलं,” ती म्हणाली.

दीपालीला कळलं नाही. “काय?”

“तुज्या आदी म्या सोडलं. लई धुरळा होता, तू डोळे झाकले होतेस, तुला दिसलं न्हाय. दोरीनं माजा तळहात सोलला, म्या सोडून दिलं. मग समदा जोर तुज्या कोपऱ्यावर आला. अठरा वर्साची तू. तुज्यानं कसं धरवावं?”

गफारचाचांनी रेडिओ बंद केला.

“आठ वर्षं,” दीपाली म्हणाली. “आठ वर्षं तू बोलली न्हाईस.”

“तूच रडून रडून समद्यास्नी सांगत सुटलीस, म्या सोडलं, म्या सोडलं म्हणून. म्या सांगणार होते. आज सांगू, उंद्या सांगू. मग पाव्हणे आले, तेराव्याचे दिस झाले, आन ऱ्हाऊनच गेलं. माजं पाप तुज्या पदरात पडलं, दीपा, आन म्या पडू दिलं.”

दीपाली उठली आणि निघून गेली. सिताबाईनं तिला हाक मारली नाही. हाक मारायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, असं तिला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी सिताबाई सुई-दोरा घेऊन एकटीच आली. “ह्ये फाटलंय त्ये म्या शिवते,” म्हणाली. गावात वाकळा-गोधड्या शिवाव्यात तर सिताबाईनंच, असा तिचा लौकिक होता. रिजवाननं नको म्हटलं नाही. चार दिवस ती दुपारची यायची, टायरांवर बसून मला मांडीवर घ्यायची आणि बारीक, जवळजवळ टाके घालायची. वरून रिजवाननं गोंदाची पट्टी चिकटवली. शिवताना मधूनच सुई थांबायची आणि ती रस्त्याकडं बघायची. दीपाली आली नाही. कामावर जात होती, घरी जेवत होती, पण आईशी एक शब्द बोलत नव्हती. हे रिजवानला सिताबाईनंच शेवटच्या दिवशी सांगितलं. त्या म्हाताऱ्या बाईला आता नवरा परत मिळणार नव्हता. मुलगी तरी राहते की जाते, एवढाच प्रश्न तिच्यापुढं होता.

भादव्यात वारं पडतं. तरी एका रविवारी सकाळी ते बऱ्यापैकी होतं. शिवण टिकते का बघायला रिजवाननं मला तलावावर नेलं. सिताबाईही मोटारसायकलवर मागं बसून आली, आपलं काम बघायला. मला हवा भरली. शिवण टिकली.

तेवढ्यात दीपाली माळ उतरून येताना दिसली. लंगडणं कमी झालं होतं. ती जवळ आली, आईकडं न बघता माझ्याजवळ बसली आणि शिवणीवरून बोट फिरवत राहिली.

“कुणी शिवलं?”

“मावशींनी,” रिजवान म्हणाला.

दीपालीनं आपलं हेल्मेट काढलं आणि आईच्या डोक्यावर घातलं. सिताबाई भांबावली. दीपालीनं हनुवटीखालचा पट्टा लावला, माझी दोरी आईच्या लुगड्यावरून कमरेला बांधली आणि तिला वाऱ्याकडं पाठ करून उभं केलं. मग माझ्या मुठी तिच्या हातात दिल्या.

“आगं, मला कशाला?”

“पुढचा हात इथं. मागचा इथं. धर.”

सिताबाईनं धरलं. तिच्या तळहातावर मधोमध एक जुना, आडवा, गुळगुळीत वण होता. तो माझ्या मुठीवर टेकला. वारा माझ्यात भरला. मी ताठ झालो आणि ओढ घेतली, तशी तिनं डोळे गच्च मिटले आणि सगळं बळ एकवटून मला धरलं. पाय मुरमात घसरायला लागले. दीपालीनं मागून तिच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला.

“आई, मागचा हात सोड.”

“न्हाय. आता न्हाय सोडत म्या.”

“सोड, आई.”

“न्हाय गं, दीपा! परत न्हाय!”

“मी हाय मागं. सोड.”

हात उघडला. एका झटक्यात, सगळाच्या सगळा. माझ्यातला जोर गेला, मी मागं पडलो आणि वाऱ्यावर नुसता फडफडत राहिलो. ओढ संपली. सिताबाई मोठ्यानं रडायला लागली, आठ वर्षांत रडली नसेल तशी. दीपालीनं विळखा काढला नाही. आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवून ती म्हणाली,

“त्या दिवशी बी सोडलंस ते बरं केलंस. न्हाय तर मला दोघांच्या नावानं पाणी सोडावं लागलं असतं.”

रिजवान पाण्याकडं तोंड करून उभा राहिला.

आता मी जुना झालोय. शिवणीतून थोडा वारा गळतो, म्हणून जोराच्या दिवसात मला कुणी नेत नाही. नवशिक्यांचा पहिला दिवस काठावर माझ्याबरोबर जातो, एवढंच काम मला उरलंय. आता उमरग्याहून, तुळजापूरहून चार-दोन जण येतात. दीपाली रविवारी त्यांना शिकवायला असते. ती स्वतः पाण्यात असते तेव्हा वारं वाढलं की तिचा मागचा हात आपणहून उघडतो, ‘सोडा’ म्हणावं लागत नाही.

पाण्यावर यायचं असेल तर जरूर या. पोहायला शिकून या, हेल्मेट आणा, आणि पहिला दिवस काठावर काढायची तयारी ठेवा. नाही आलात तरी माझी तक्रार नाही. पण माझं एक मागणं आहे, आणि ते पाण्याचं नाही, रानातलं आहे. वादळ येईल, गंज उघडी असेल, तुम्ही ताडपत्री घेऊन धावाल. धावा. फक्त दोरी मनगटाला गुंडाळू नका. आणि तुमच्या शेजारच्याचा कोपरा सुटला तर त्याला मागाहून काही विचारू नका. गंज भिजली तर ऊन पडल्यावर वाळते.